बागेतली बंदूक आणि कमरेचे पिस्तूल

रत्नागिरीच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा मनाई आदेश वर्षातून किती वेळा निघतो, याचा हिशेब सामान्य वाचक ठेवीत नाही. सण आला, निवडणूक आली, कोठे आंदोलनाची चाहूल लागली की महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ चा आधार घेऊन तो निघतो आणि वृत्तपत्राच्या आतल्या पानावर दहा-बारा ओळींत छापला जातो. शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, दंडुके, बंदुका, सुरे, काठ्या ही यादी इतक्या वेळा डोळ्यांखालून गेलेली असते की ती वाचण्याचे श्रम कोणी घेत नाही. वस्तुतः त्या रूक्ष यादीच्या मागे एक मोठे गृहीतक उभे आहे. बाजारात, एस. टी. च्या स्थानकावर, शाळेच्या फाटकाशी किंवा जत्रेत भेटणारा मनुष्य निःशस्त्र असतो आणि तो तसाच असावा. ज्याला अपवाद हवा असेल त्याने शासनापुढे कारण मांडावे, असे ते गृहीतक आहे.

जगात ते सर्वत्र मान्य आहे असे नव्हे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शस्त्र बाळगण्याचे बरेचसे नियम प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे करते. तेथील ५० राज्यांपैकी २९ राज्यांत २०२४ च्या अखेरीस अशी स्थिती होती की, ज्या प्रौढ नागरिकाला कायद्याने बंदूक बाळगण्यास अपात्र ठरविलेले नाही, त्याला कोटाखाली पिस्तूल लपवून रस्त्यावर हिंडण्यासाठी कोणताही परवाना लागत नाही. व्हरमाँट हे छोटे राज्य या बाबतीत जुने. १९०३ मधील एका न्यायनिर्णयापासून तेथे परवान्याची अट टिकलीच नाही. पण बाकीची राज्ये या वाटेला लागली ती गेल्या दोन दशकांत. अलास्का २००३ मध्ये, ॲरिझोना २०१० मध्ये, टेक्सस २०२१ मध्ये, तर साउथ कॅरोलिना आणि लुइझियाना २०२४ मध्ये. दरम्यान २०२२ च्या जूनमध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्क राज्याचा शंभराहून अधिक वर्षे चालत आलेला नियम रद्द केला. 'योग्य कारण' दाखविल्याशिवाय लपविलेले पिस्तूल बाळगण्याचा परवाना मिळणार नाही, एवढेच तो नियम म्हणत होता. हक्क बजावण्यासाठी नागरिकाने अधिकाऱ्याला कारण का सांगावे, असा सहा न्यायमूर्तींच्या बहुमताचा विचार पडला.

गंमत अशी की, याच देशात एकोणिसाव्या शतकात उलटी समजूत होती. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ मध्येच लपविलेल्या शस्त्रांवर बंदी घातली. उघड बंदूक खांद्यावर टाकून जाणारा मनुष्य सरळ समजला जाई. अंगरख्याखाली सुरा किंवा पिस्तूल दडविणारा मनुष्य कपटी, रात्रीच्या अंधारात वार करणारा समजला जाई. तोच लुइझियाना आज लपविलेल्या पिस्तुलाला परवाना नको म्हणतो. दोनशे अकरा वर्षांत समजुतीने घेतलेले हे वळण विचार करण्याजोगे आहे.

आपल्या प्रजासत्ताकाने या प्रश्नाचा निर्णय आरंभीच केला, आणि तो अजाणता केलेला नाही. १८७८ चा शस्त्र कायदा हा लॉर्ड लिटनच्या राजवटीचा. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. युरोपियनाला सूट आणि हिंदी माणसाला परवाना, हा त्यातील भेद राष्ट्रीय सभेला प्रारंभापासून सलत होता. १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच त्याविरुद्ध ठराव झाला. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्यांच्या पिढीला तो कायदा एका राष्ट्राला नामर्द करणारा वाटत होता. १९३१ च्या कराची ठरावात तर नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतच नोंदविला गेला. या पार्श्वभूमीवर १९४८ च्या डिसेंबरात घटनासमितीत ह. वि. कामत यांनी तो हक्क राज्यघटनेत घालण्याची उपसूचना मांडली, तेव्हा ती मंजूर होणे अस्वाभाविक नव्हते. पण ज्यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. असा हक्क एकदा मूलभूत ठरला की तो गुन्हेगारी वृत्तीच्या माणसालाही मागता येईल, या आशयाची त्यांची हरकत होती. आज राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात एकत्र जमण्याचा हक्क आहे, तो शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचा. अमेरिकेच्या घटनेने १७९१ मध्ये शस्त्राला हक्काच्या बाजूला बसविले. आपल्या घटनेने त्याला हक्काची मर्यादा म्हणून लिहिले. परकी सत्तेच्या शस्त्रबंदीविरुद्ध ज्यांनी साठ वर्षे आवाज उठविला, त्यांच्याच वारसांनी स्वराज्यात हा निर्णय घ्यावा, यात विसंगती पाहणारे पाहोत. विरोध भेदभावाला होता, शिस्तीला नव्हता.

पुढे १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा शस्त्र अधिनियम आला. त्याच्या तेराव्या कलमात एक तपशील आहे, ज्याकडे वकिलांखेरीज फारसे कोणाचे लक्ष जात नाही. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीची बंदूक हवी असेल आणि तिची नळी वीस इंचांहून कमी नसेल, किंवा पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तर अर्जदारात अन्य दोष नसल्यास अधिकाऱ्याने परवाना द्यावयाचा आहे. इतर शस्त्रांच्या बाबतीत, म्हणजे व्यवहारात पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांच्या बाबतीत, अर्जदाराजवळ सबळ कारण आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. न्यूयॉर्कचा जो नियम अमेरिकेच्या न्यायालयाने रद्द केला, त्याचेच हे भावंड. पण आपल्या कायदाकर्त्यांनी त्याला वीस इंचांच्या मापाची जोड दिली. वीस इंच म्हणजे सुमारे अर्धा मीटर. एवढी नळी, मागचा दस्ता धरून, सदऱ्याखाली मावत नाही. बंदुकीचा घातकपणा कायद्याने मापला नाही. ती लपते की नाही हे मापले.

या मापाचे मोल जाणण्यासाठी कोकणाला दूर जावे लागत नाही. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'संगीत शारदा'चा प्रयोग होता. कलेक्टर जॅक्सन प्रेक्षकांत येऊन बसले आणि खेड तालुक्यातील आयनी-मेटे गावच्या अनंत कान्हेरे या कोवळ्या तरुणाने त्यांच्यावर पिस्तूल झाडले. लंडनहून सावरकरांनी पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पिस्तुले पाठविली होती, त्यांपैकी ते एक. त्या तरुणाच्या देशभक्तीविषयी येथे चर्चा नाही. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याने तिची पूर्ण किंमत दिली. पाहावयाचे ते एवढेच की, ठासणीची वीस हत्यारे पेटीच्या चोरकप्प्यात मावली नसती, आणि एक लांब बंदूक घेऊन त्या नाट्यगृहात कोणालाही शिरता आले नसते. हत्यार लपते, म्हणूनच राज्यसत्ता त्याला भिते. हेतू पवित्र असो की नीच, शेजारी बसलेल्या प्रेक्षकाला तो अगोदर दिसत नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत हा माहितीचा प्रश्न आहे. कोकणातील वाडीत अमक्याच्या माजघरात खुंटीला बंदूक आहे, हे साऱ्या वाडीला ठाऊक असते. परवाना कोणाच्या नावे आहे, दारू-गोळी कोठून येते, मालकाचा स्वभाव कसा, मुलगा दारू पितो की नाही, हे सगळे शेजाऱ्याला माहीत असते. त्या बंदुकीचा धोका मोजता येतो आणि मोजता येणाऱ्या धोक्याशी माणूस जुळवून घेतो. लपविलेल्या पिस्तुलाचे तसे नाही. शंभर जणांपैकी पाचांच्याच खिशात ते असले तरी ते पाच कोणते हे कळत नसल्यामुळे उरलेल्या पंचाण्णवांना सर्वांविषयीच सावध राहावे लागते. मग त्यांपैकी काहींना वाटते, आपणही एक घ्यावे. रस्त्यावर धक्का लागला, वाहनाला वाहन घासले, बांधावरून बोलाचाली झाली, की समोरच्याचा हात खिशाकडे जाण्याआधी आपला जावा, ही बुद्धी होते. ज्याने पिस्तूल घेतले त्याला सुरक्षिततेचा लाभ मिळाला असे क्षणभर मानू. त्याची किंमत मात्र ज्यांनी घेतले नाही त्यांच्यावर पडली. अमेरिकेत २०२१ या एका वर्षात बंदुकीने ४८,८३० माणसे मेली, आणि त्यांत निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. परवान्याची अट काढल्यामुळेच हे झाले असा थेट निष्कर्ष काढणे शास्त्राला धरून होणार नाही; कारण तेथे घरोघरी बंदुका पूर्वीपासूनच आहेत. तथापि इतक्या शस्त्रांनी समाज अधिक निर्भय होतो, हा दावा त्या आकड्यासमोर कसा टिकावा?

कायदा एवढा विचारपूर्वक केलेला असताना व्यवहार मात्र नेमका उलटा चालतो, आणि खरी तक्रार येथे आहे. जे शस्त्र मिळावयास सोपे असावे असे कायदा म्हणतो, ते कोकणातील बागायतदाराला दुष्प्राप्य झाले आहे. आणि जे दुर्मिळ असावे ते वजनदार माणसांच्या कमरेला सहज दिसते.

बागायतदाराची कैफियत आधी ऐकावी. वानर आणि माकडे कैरीपासून नारळापर्यंत काही ठेवीत नाहीत. अर्धे खातात आणि बाकीचे नासून टाकतात. रानडुकरांनी भात, नाचणी आणि कंदपिके यांची अशी वाट लावली आहे की कित्येक गावांत डोंगरउताराची शेती सोडून दिली गेली. अलीकडच्या वर्षांत रत्नागिरीतील शेतकऱ्यांनी यासाठी आंदोलने केली, वनखात्याने माकडे पकडून दूर नेऊन सोडण्याची मोहीमही काढली. अशा वेळी ठासणीच्या बंदुकीचा एक बार निघाला, तरी कळप बाग सोडतो. अर्थात तो शेजारच्या बागेत जातो, हेही खरे. एकाचे रक्षण ते दुसऱ्याचे नुकसान, हा न्याय येथेही चुकत नाही.

पण तो बार काढण्याचा अधिकार मिळविणे आणि टिकविणे किती बिकट आहे! परवाना व्यक्तीच्या नावे असतो. वडील वारले की बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. वारस मुंबईला नोकरीत, तो सुट्टीत येऊन अर्ज करणार. बागेची राखण करणारा माणूस मोसमापुरता आणलेला नेपाळी. त्याच्या हाती मालकाची बंदूक देणे हा सरळ गुन्हा, कारण ज्याचा परवाना त्यानेच ती वापरावयाची. म्हणजे परवाना असतो मालकाला, तो असतो शहरात. माकडे असतात बागेत, आणि त्यांच्यासमोर असतो गोफण घेऊन उभा असलेला राखणदार. त्यातून परवाना मिळाला तरी प्राणी मारण्याची मुभा मिळत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली त्यासाठी वनखात्याची वेगळी परवानगी लागते. एका खात्याने हत्यार द्यावे आणि दुसऱ्याने ते कशावर चालवावे हे ठरवावे, ही रचना तत्त्वतः चूक नाही. वन्यजीवांचा कायदा शेतकऱ्याचा शत्रू नव्हे. मात्र दोन खात्यांच्या दोन टेबलांमधील अंतर मोसमापेक्षा मोठे असते.

आणि मग निवडणुका. आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रे जमा करून घेण्याची रीत आहे. लोकसभेची निवडणूक २०१९ मध्ये आणि २०२४ मध्येही मार्च ते मे या काळात आली. रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघात २०१९ चे मतदान २३ एप्रिलला आणि २०२४ चे ७ मे रोजी झाले. हापूसचा ऐन मोसम तो हाच. सरसकट शस्त्रे जमा करू नयेत, प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार करावा, असे मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलेले आहे, आणि त्यासाठी जिल्हा पातळीवर छाननी समित्याही असतात. तरीही ज्या गावात ठासणीच्या बंदुकीने निवडणुकीत दहशत बसविल्याचे कोणी ऐकलेले नाही, तेथील म्हातारा बागायतदार ती खांद्यावर टाकून पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढताना दिसतो. चढताना दिसतो हे महत्त्वाचे. कारण त्याचे शस्त्र दिसणारे आहे. ज्यांचे दिसत नाही, त्यांना कोण चढविणार?

या जाचाचा परिणाम असा झाला आहे की माणसे कायद्याच्या बाहेर जातात. विनापरवाना गावठी बंदुकांसह शिकारी पकडल्याच्या बातम्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात नव्या नाहीत. झुडपातील सोबत्यालाच सावज समजून गोळी घातल्याच्याही येतात. कोणी डुकरासाठी फासकी लावतो आणि तीत बिबट्या अडकून मरतो. परवान्याची वाट अरुंद केली म्हणून बंदुका कमी झाल्या नाहीत. नोंद असलेल्या कमी झाल्या आणि नोंद नसलेल्या वाढल्या.

दुसरीकडे सबळ कारणाची अट असलेल्या शस्त्रांची काय स्थिती आहे? २०२४ च्या डिसेंबरात बीड जिल्ह्यातील मस्साजोगच्या सरपंचाचा खून झाला आणि त्या निमित्ताने एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे उघडकीस आले. २०२५ मध्ये त्यांतील अनेक रद्द अथवा निलंबित करण्यात आले. जे कारण एका खुनानंतर अपुरे ठरते, ते परवाना देताना पुरेसे कसे ठरले, याचा खुलासा कोणी केलेला नाही. त्याआधी २०२४ च्या फेब्रुवारीत उल्हासनगरच्या एका पोलीस ठाण्यात, अधिकाऱ्याच्या दालनात, एका आमदाराने परवान्याच्या शस्त्रातून गोळ्या झाडल्याची घटना घडली. आठवड्याच्या आत दहिसरला एका माजी नगरसेवकाचा खून झाला, तोही अंगरक्षकाच्या नावे परवाना असलेल्या पिस्तुलाने. तिन्ही ठिकाणी जमिनीचा, पैशाचा किंवा राजकारणाचा वाद होता, माकडांचा नव्हता. अनेक शहरांत कमरेला पिस्तूल असणे ही प्रतिष्ठेची खूण झाली आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकानेही सार्वजनिक जागी शस्त्र झाकूनच न्यावयाचे असते. हा नियम लोकांना धाक बसू नये म्हणून केलेला, आणि तो योग्यच आहे. पण परवाना देतानाची चाळण सैल पडली, की तोच नियम लपविलेल्या शस्त्राला कायदेशीर पांघरूण घालतो.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळू नये. गुन्हेगार परवाना मागत नाही, त्याला कट्टा मिळतोच. मग सज्जनालाच का अडवावे? जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून मध्य प्रदेशात असलेल्या उमर्टीसारख्या ठिकाणची गावठी पिस्तुले महाराष्ट्राच्या शहरांत सापडतात, ही वस्तुस्थिती आहे. परंतु या युक्तिवादात एक गफलत आहे. कायदा आज विनापरवाना पिस्तूल हाच गुन्हा मानतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन वर्षांची शिक्षा आहे, आणि अधिकाऱ्यांपासून लपविण्याच्या हेतूने केलेल्या उल्लंघनाला सव्विसाव्या कलमान्वये सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणून झडतीत पिस्तूल सापडले की गोळी सुटण्याची वाट न पाहता पोलिसाला माणूस धरता येतो. परवान्याची अट काढली की हे साधन नाहीसे होते. गोळी सुटेपर्यंत गुंड आणि सज्जन यांत कायद्याला दिसणारा फरक फारसा उरत नाही. अमेरिकेत विक्रेत्याकडून पिस्तूल घेताना ग्राहकाची पूर्वपीठिका तपासली जाते हे खरे. पण परवान्यासाठी जे प्रशिक्षण आणि जी फेरतपासणी अनेक राज्यांत होई, ती अट काढलेल्या राज्यांत सक्तीची राहिलेली नाही.

शेजारच्या कर्नाटकात कोडगूच्या कोडवांना शस्त्रपरवान्यातून जी परंपरागत सूट आहे, ती केंद्र शासनाने २०१९ मध्ये आणखी दहा वर्षांसाठी चालू ठेवली आणि तेथील उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती उचलून धरली. कोडगूला मिळते ते कोकणाला का नाही, असे बागायतदाराच्या मनात आले तर नवल नाही. पण ती सूट एका समाजाच्या जुन्या रूढीवर उभी आहे; तिचा विस्तार करीत गेल्यास अपवादच नियम होईल. कोकणाने परवान्यातून सुटका मागू नये. कायद्यात आहे तो परवाना वेळेवर मागावा.

त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. २०१६ च्या नियमांनी पोलीस अहवालाला आणि निर्णयाला मुदती घातलेल्या आहेत. पीकरक्षणाच्या अर्जांपुरत्या तरी त्या पाळल्या जाव्यात. मालकाच्या बागेत काम करणाऱ्या स्थानिक माणसालाही, त्याची चौकशी करून, स्वतःच्या नावे ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा. छाननी समितीने ठासणीच्या बंदुकांचा विचार पिस्तुलांच्या आधी करावा आणि गुन्ह्याची नोंद नसेल तेथे त्या मोसमात घरी राहू द्याव्यात. उलट प्रत्येक जिल्ह्यात पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचे परवाने किती, ते कोणत्या प्रकारच्या कारणासाठी दिले, आणि नूतनीकरणाच्या वेळी ते कारण उरले होते की नाही, याचा तालुकावार तक्ता दरवर्षी प्रसिद्ध व्हावा. नावे छापण्याचे कारण नाही. परवान्यांना राष्ट्रीय नोंदवहीत क्रमांक दिलेले असल्याने हा तक्ता करणे एका कारकुनाचे चार दिवसांचे काम आहे.

आंब्याला मोहोर येऊ लागतो तो नोव्हेंबर-डिसेंबरात. पावसाळ्यात आलेले पीकरक्षणाचे अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाने दिवाळीपूर्वी निकालात काढले, तर कैरी सुपारीएवढी होईपर्यंत बंदूक बागेत पोहोचलेली असेल.